परक्या माथ्यावरचे ऋण

पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हा जो दंडक धर्मशास्त्राने घातला आणि जो शतकानुशतके या देशात पुत्रत्वाच्या कल्पनेचाच एक भाग होऊन राहिला, तो ९ सप्टेंबर २००५ रोजी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने संपुष्टात आला. त्या दिवसानंतर काढलेल्या कर्जाकरिता केवळ पुत्रधर्माच्या आधारावर मुलाकडून, नातवाकडून अथवा पणतवाकडून वसुली मागण्याचा सावकाराचा हक्क आता कोणतेही न्यायालय मानीत नाही. त्या दुरुस्तीने कन्येला मिळालेल्या वारसाहक्काची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हावयासच हवी होती. या पोटकलमाकडे मात्र वकीलमंडळींखेरीज फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे सहा महिनेही लोटले नाहीत तोच, फेब्रुवारी २००६ मध्ये, आमच्या हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज या औषधकंपनीने जर्मनीतील ऑग्सबर्ग नगरीची बेटाफार्म ही कंपनी ४८ कोटी युरोंना घेत असल्याचे जाहीर केले आणि मार्चमध्ये, किमतीचा मोठा भाग कर्जाऊ रकमेतून देऊन, व्यवहार पुराही केला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध काहीही नाही. परंतु ज्या हंगामात आपण पुत्राला पित्याच्या कर्जातून मुक्त केले, त्याच हंगामात आपल्या उद्योगपतींना, खरेदी करावयाच्या संस्थेच्याच माथ्यावर खरेदीचे कर्ज ठेवण्याची विद्या पूर्णपणे अवगत झाली होती, आणि हा योगायोग एक जुना प्रश्न नव्याने उभा करतो: ज्याने ‘मी घेतले’ असे कधी म्हटले नाही, त्याने ‘मी देईन’ असे म्हणावे अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

ज्या पद्धतीला व्यापारी जग लिव्हरेज्ड बायआउट म्हणते तिची रीत थोडक्यात अशी. खरेदीदार परमुलखात एक नाममात्र कंपनी स्थापन करतो; तिच्या पदरात स्वतःची थोडी रक्कम टाकतो; उरलेली रक्कम ती नाममात्र कंपनी बँकांकडून उचलते; त्या पैशाने जुन्या भागधारकांचे भाग विकत घेतले जातात; आणि मग विकत घेतलेल्या कंपनीचे उत्पन्न, तिचे कारखाने, तिची नाममुद्रा, हे सर्व त्या कर्जाचे तारण ठरून तिच्याच कमाईतून व्याज व मुद्दल फिटू लागते. भारतीयांनी केलेल्या अशा मोठ्या खरेद्यांतील आद्य म्हणून जिचा उल्लेख होतो ती टाटा टी या कंपनीची, २००० साली २७ कोटी १० लाख पौंडांना झालेली टेटलीची खरेदी. तीत मालकाची स्वतःची रक्कम सुमारे सात कोटी पौंड होती आणि कर्ज तिच्या तिपटीहून अधिक. त्या योजनेची जी खुबी तेव्हा वाखाणली गेली ती ही, की कर्ज बुडाले तर सावकाराने इंग्लंडातील चहाच्या कंपनीवर जप्ती आणावी, कलकत्त्याच्या मालकाच्या दाराशी येऊ नये. येथे पुत्रधर्माचे चक्र उलटे फिरलेले दिसते. पूर्वी बाप कर्ज करी आणि मूल आपल्या श्रद्धेने ते फेडी. येथे बाप कर्ज करतो, नव्याने दत्तक घेतलेल्या मुलाच्या नावाने करतो, दत्तकविधानाचा खर्चही त्यातच घालतो, आणि मूल बुडाले तर आपले घर सुरक्षित राहील अशी तजवीज दस्तऐवजातच करून ठेवतो.

हे वाचून कोणी म्हणेल की धर्मशास्त्राने तरी पुत्राची संमती कोठे विचारली होती? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. परंतु धर्मशास्त्र संमती विचारीत नसले तरी दुसरे काही विचारीत होते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका, जिच्यावर बंगाल व आसाम सोडून बहुतेक हिंदुस्थानचा दायभाग शतकानुशतके चालला, ती विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या राजधानीत, कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास बसून लिहिली. ते गाव १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होते. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे शास्त्र काशीहून आलेले वाटते. वस्तुतः ते मुंबईच्या रस्त्याने बिदर जिल्ह्यात शिरले की लागणाऱ्या एका किल्ल्याच्या गावाचे आहे. त्या शास्त्रात पुत्राने कोणते पितृऋण फेडू नये याची मोजदाद केली आहे: मद्याकरिता केलेले, कामवासनेकरिता केलेले, द्यूतात हरलेले, दंडाची वा जकातीची उरलेली बाकी, आणि व्यर्थ दानाचे वचन. उलटपक्षी कुटुंबाकरिता जे कर्ज झाले ते कुटुंबातील कोणीही केलेले असो, ते कुटुंबावर बसते. पत्नीचे कर्ज पतीने फेडण्याचे सामान्यतः कारण नाही, परंतु गवळी, कलाल, नट, परीट व पारधी यांच्या स्त्रियांचे कर्ज त्यांच्या पतींनी फेडावे, कारण त्या घरांचा चरितार्थ त्या स्त्रियांवर अवलंबून असतो. या शेवटच्या नियमात जी दृष्टी आहे ती मला फार मोलाची वाटते. नात्याचे नाव काय हे तेथे गौण आहे. पैसा कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचला, हे पाहिले आहे.

इंग्रजी अमलातही ही कसोटी मेली नाही. १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या सुप्रसिद्ध दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की अज्ञान वारसाच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्याने ती गहाण टाकली असता, सावकाराने त्या कर्जाची गरज खरोखर होती की काय याची प्रामाणिक चौकशी करणे आवश्यक आहे. चौकशी न करता दिलेले कर्ज त्या अज्ञानाच्या मिळकतीवर बसणार नाही. पुढे हाच न्याय देवस्थानांनाही लावला गेला, कारण कायद्याच्या दृष्टीने देवता ही व्यक्ती असली तरी ती नित्य अज्ञान, तिच्या वतीने पुजारी वा व्यवस्थापक सही करतो. आता कंपनी हीही कायद्याने निर्मिलेली व्यक्तीच आहे, आणि तिच्याही वतीने दुसराच कोणी सही करतो. फरक इतकाच की देवतेच्या व्यवस्थापकाला देऊळ गहाण टाकून त्या पैशाने देवळाचीच मालकी विकत घेण्याची मुभा आमच्या कोणत्याही न्यायालयाने दिलेली नाही.

कल्याणीची कसोटी लावली तर या खरेद्यांचे मर्म उघडे पडते. कर्ज घेतले जाते, व्याज कंपनी भरते, तारण कंपनीचे असते. परंतु कर्जाऊ आलेल्या रकमेतील एक युरोही कंपनीच्या कारखान्यात शिरत नाही, तो तसाच पुढे जाऊन जुन्या भागधारकाच्या तिजोरीत पडतो. बेटाफार्मच्या बाबतीत तो जुना मालक थ्रीआय ही इंग्रजी गुंतवणूक-संस्था होती, आणि तिने ती कंपनी दोनच वर्षांपूर्वी, २००४ मध्ये घेतलेली होती. नवे यंत्र, नवे औषध, नवी शाखा यांकरिता घेतलेले कर्ज निश्चितपणे कुटुंबार्थ म्हणता येईल. मालक बदलण्याकरिता घेतलेले कर्ज कोणत्या कुटुंबाच्या अर्थाचे?

या पद्धतीच्या कैवाऱ्यांपाशी उत्तर नाही असे नव्हे, आणि ते उत्तर क्षुद्रही नाही. ते म्हणतात की कर्जाचा भार हा एक प्रकारचा निग्रह आहे. ज्या कंपनीच्या हाती मोकळा पैसा खेळतो ती आळसावते, तिचे अधिकारी वैभवात रमतात, आणि दर तिमाहीस व्याजाचा हप्ता भरावयाचा असला म्हणजे उधळपट्टी आपोआप थांबते. ऐकताना एखाद्या मठाच्या नियमावलीचा भास व्हावा, असा हा युक्तिवाद आहे. परंतु तपाचे पुण्य ज्याने उपवास केला त्याचे, ही साधी गोष्ट त्यात निसटते. येथे उपवास एकाला घडतो आणि पारणे दुसरा करतो. त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक बळकट आहे: कंपनी म्हणजे मालकांचीच वस्तू, मालकाने आपली वस्तू कर्ज काढून घेतली तर तिसऱ्याने त्यात का पडावे? हे मान्य करावे लागले असते, जर कंपनी खरोखरच वस्तू असती. पण तिला व्यक्ती ठरवून, तिच्या नावाने दावे लावून, मालकांची जबाबदारी त्यांच्या भागापुरती मर्यादित करून घेण्याचा लाभ ज्यांनी दीडशे वर्षे घेतला, त्यांनी कर्ज बसविण्याच्या वेळी तेवढी ती वस्तू आहे असे म्हणणे हे एकाच तोंडाने दोन साक्षी देणे होय.

याहून मला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न सरहद्दीचा आहे. आमच्या स्वतःच्या कंपनी कायद्यात, १९५६ च्या कलम ७७ मध्ये आणि आता २०१३ च्या कलम ६७ मध्ये, सार्वजनिक कंपनीने स्वतःचेच भाग विकत घेणाऱ्याला कर्ज, जामीन वा तारण यांच्या रूपाने साहाय्य करू नये असा निर्बंध आहे. हा निर्बंध मुळात इंग्लंडचा. १९२६ च्या ग्रीन समितीला असे आढळले होते की काही टोळ्या बँकेकडून अल्प मुदतीचे पैसे उचलून कंपनी ताब्यात घेतात आणि मग त्याच कंपनीच्या तिजोरीतून ते फेडतात, आणि हा प्रकार तिला सर्वथा अनुचित वाटला. इंग्लंडने २००६ च्या कायद्याने आपल्या खासगी कंपन्यांपुरता तो निर्बंध सोडला. आम्ही तो सार्वजनिक कंपन्यांपुरता ठेवला. शिवाय भाग खरेदीकरिता कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेनेही आपल्या बँकांना दीर्घकाळ मज्जाव केला. परिणाम असा की जो व्यवहार आमच्या हैदराबादकडील सनथनगरच्या वा पाटणचेरूच्या एखाद्या कारखान्यावर करणे गैर ठरते, तोच व्यवहार आमच्याच मालकाने, परदेशी बँकेच्या पैशाने, परदेशी कारखान्यावर केला असता तो केवळ कायदेशीरच नव्हे तर राष्ट्रीय अभिमानाचा विषय होतो. परकीय चलनाच्या नियमांनीही त्याला वाट करून दिली: स्वतःच्या निव्वळ मत्तेच्या तुलनेत परदेशात गुंतवावयाची मर्यादा २००७ या एकाच वर्षात २०० टक्क्यांवरून ३०० आणि तेथून ४०० टक्क्यांवर नेण्यात आली. त्या वर्षाचा उत्साह ज्यांना आठवतो त्यांना हेही आठवेल की जानेवारीच्या अखेरीस कोरस या पोलाद-कंपनीच्या लिलावात टाटा स्टीलची ६०८ पेन्सांची बोली ब्राझीलच्या बोलीवर पाच पेन्सांनी सरस ठरली, तेव्हा इंग्रजांची भट्टी हिंदी माणसाने घेतली म्हणून आपण केवढे हरखलो होतो. त्या किमतीचा सुमारे निम्मा भाग इंग्लंडातील कंपनीच्या डोक्यावरचे कर्ज होते, ही गोष्ट अभिनंदनाच्या अग्रलेखांत सहसा दिसली नाही. त्याच कंपनीच्या पोर्ट टालबट येथील कारखान्याची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. ती केवळ कर्जाने विझली असे म्हणणे अन्यायाचे होईल. जगभर झालेला पोलादाचा सुकाळ, इंग्लंडातील महाग वीज, भट्टीचे वय, ही कारणे खरी आहेत. परंतु त्या गावाने सतरा वर्षे ज्या व्याजाचा वाटा उचलला ते व्याज त्याने मागितलेले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

या बाबतीत हैदराबादने निदान अनभिज्ञ असल्याचा बहाणा करू नये, कारण ही विद्या दुसऱ्या बाजूने कशी दिसते ते या शहराने भोगले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाचा पेशकार चंदूलाल दौलतीचा गाडा कर्जावर हाकीत होता. पामर आणि कंपनी या पेढीचे व्याज सालीना शेकडा चोवीसपर्यंत चढले होते, आणि १८२३ साली त्या पेढीचे देणे भागविण्याकरिता उत्तर सरकारांच्या मुलखाबद्दल ईस्ट इंडिया कंपनीकडून दरसाल येणारी सात लाखांची पेशकश एकरकमी १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपयांना कायमची सोडून देण्यात आली. (शेकडा सहाने सात लाखांचे भांडवल तेवढेच होते, हिशेबात कुचराई म्हणून नव्हती.) पुढे वऱ्हाडचा महसूल पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीकडे तारण गेला. जिल्ह्यांत तालुकदारी बोलीने दिली जाई. बोली जिंकणारा सावकाराकडून रक्कम उचलून सरकारात नजराणा भरी, आणि मग मुद्दल, व्याज व स्वतःचा नफा हे तिन्ही रयतेकडून वसूल करी. मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या घराण्याच्या कागदांत या वसुलीची स्मृती सापडते. ज्या कुळाने नांगर धरला त्याला बोली कोणी, कितीला आणि कोणाच्या पैशाने जिंकली याची वार्ता वसुलीचा शिपाई दारात आला म्हणजेच लागे.

आणि मग वऱ्हाड. हैदराबाद कंटिन्जंट नावाची जी फौज, तिचे अंमलदार इंग्रज, तिची आज्ञा रेसिडेंटाची, आणि तिचा खर्च मात्र निजामाचा; तिची तनखा तुंबली म्हणजे कंपनी सरकार ती आपल्या खजिन्यातून देई व निजामाच्या नावे मांडी. अशा रीतीने चाळीस लाखांहून अधिक देणे साचले, तेव्हा डलहौसीच्या आज्ञेवरून २१ मे १८५३ रोजी तहनामा झाला आणि वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दोआब हे मुलूख त्या फौजेच्या खर्चाकरिता कंपनीच्या हवाली करण्यात आले. मालकी निजामाची, वसूल कंपनीचा. ज्या फौजेने निजामाला अंकित ठेवले तिचाच खर्च त्याच्या मुलखाने द्यावा, आणि तो थकला म्हणजे त्या थकबाकीपोटी मुलूखच ताब्यात घ्यावा, यापेक्षा निर्दोष बांधणीची लिव्हरेज्ड बायआउट आजच्या कोणत्याही पेढीला साधलेली नाही. १८६० च्या तहाने, सत्तावन सालच्या इमानाचे बक्षीस म्हणून, ५० लाखांचे कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर दोआब परत मिळाले, वऱ्हाड राहिले. लगेच अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव आकाशाला भिडवले आणि खामगाव, अमरावती यांच्या पेठा फुलल्या. १९०२ मध्ये कर्झनने २५ लाखांच्या सालीना खंडावर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने घेतले.

इतके सांगितल्यावर बेटाफार्मकडे परत येताना न्यायबुद्धी जागी ठेवली पाहिजे. डॉ. रेड्डीज ही डलहौसीची कंपनी नव्हे. खरेदी होते न होते तोच जर्मनीने औषधखर्चाच्या कायद्यात सुधारणा केली, तेथील आरोग्यविमा निधी निविदा मागवून स्वस्तात स्वस्त देणाऱ्याला काम देऊ लागले, पर्यायी औषधांचे भाव कोसळले, आणि डॉक्टरांच्या दारोदार जाऊन विक्री करणाऱ्या माणसांची गरजच उरली नाही. घेतलेल्या मत्तेचे मूल्य पुस्तकात वारंवार घटवावे लागले, आणि २००८-०९ च्या हिशेबात हैदराबादच्या कंपनीलाच निव्वळ तोटा दाखवावा लागला. बापाने येथे घराचे दार लावून घेतले नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण ऑग्सबर्गमधील ज्यांच्या नोकऱ्या त्या उलथापालथीत गेल्या त्यांना या ताळेबंदाचे समाधान काय वाटणार? ही तीच कंपनी, जी आजारी बालकांच्या कुटुंबांना रुग्णालयानंतर आधार देणाऱ्या बुंटर क्राइस या ऑग्सबर्गच्या संस्थेची पाठराखण करीत आली होती, आणि तिच्या त्या कीर्तीचाही किमतीत काही अंश असणारच.

ऑग्सबर्ग हे नाव या विषयात योगायोगाने आले असले तरी ते नामी आहे. तेथल्या याकोब फुग्गर या सावकाराने १५१९ साली पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळावे म्हणून मतदार राजांना वाटावयाच्या साडेआठ लाख फ्लोरिनांपैकी सव्वापाच लाखांहून अधिक पुरविले, आणि फेड मागितली ती सम्राटाच्या प्रजेच्या खाणींतून व वसुलातून. मुकुटच कर्जाने विकत घेतला गेला, आणि हप्ते टायरोल व स्पेन यांनी भरले. त्याआधी चार वर्षे, व्याज हे पाप की नाही या धर्मप्रश्नावर योहान एक या पंडिताने बोलोन्यास शेकडा पाचाचे समर्थन केले, ते फुग्गरच्याच आश्रयाने. पण त्याच फुग्गरने गरिबांकरिता बांधलेली वसाहत, फुग्गराई, अजून ऑग्सबर्गमध्ये उभी आहे. वर्षाचे भाडे आजही एका जुन्या गुल्डेनइतके, म्हणजे ८८ सेंट, आणि शिवाय राहणाऱ्याने दिवसातून तीन वेळा प्रार्थना करावयाची, तीत संस्थापकाच्या आत्म्यासाठीही. मनुष्याने हिशेब कितीही चोख ठेवला तरी आपण कोणाचे तरी देणे लागतो ही शंका त्याला सोडीत नाही, असे यावरून वाटते. आमच्या शहरातही ती शंका नांदली: निजामी अमदानीत येथे बिनव्याजी कर्ज देणाऱ्या अंजुमनी चालत, आणि येथेच जन्मलेल्या डॉ. मुहम्मद हमीदुल्ला यांनी त्यांविषयी लिहून ठेवले आहे. इस्लामी शास्त्रात मृताचे कर्ज त्याच्या मालमत्तेतून वाटणीच्या आधी फेडावे लागते, पण वारसाच्या अंगावर येत नाही. एकाच शहरात दोन शास्त्रे, एक पुत्राला बांधणारे, एक त्याला मोकळे ठेवणारे. दोन्ही मात्र कर्जदाराचा चेहरा पाहून बोलत होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांनाही कंपन्या विकत घेण्याकरिता कर्ज देऊ द्यावे असा मानस जाहीर केला. म्हणजे ज्या प्रश्नापासून आपण सरहद्दीच्या आडोशाने अंग चोरीत होतो तो आता आमच्या हैदराबादच्या आबिद रोडवरील बँकेत येईल. बँका चौकशी करीत नाहीत असे कोणी समजू नये. अशा व्यवहाराआधी जितकी चौकशी होते, जितके कागद तपासले जातात, तितके १८५६ च्या न्यायाधीशांच्या स्वप्नातही आले नसतील. परंतु ती सर्व चौकशी, हे कर्ज फिटेल काय, एवढ्याचीच असते. हे कर्ज ज्याच्यावर बसते आहे त्याच्याकरिता आहे काय, हा रकाना त्या तक्त्यात नाही. जर्मनीने २००८ च्या ऑगस्टात एक छोटी दुरुस्ती केली, तिच्यान्वये शंभराहून अधिक कायम नोकर असलेल्या कंपनीचा ताबा बदलत असता खरेदीदार कोण आणि त्याचे हेतू काय हे कामगारांच्या आर्थिक समितीला कळविणे भाग आहे. केवळ कळविणे, नकार देण्याचा अधिकार त्यात नाही. वऱ्हाडच्या रयतेला १८५३ मध्ये कोणी एवढेही कळविले नव्हते. आणि त्या तहानंतर काही दिवसांतच दिवाण झालेले, रयतेच्या महसुलाची घडी नीट बसविणारे सालारजंग १८७६ मध्ये वऱ्हाडची मागणी घेऊन इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांनी मुलूख परत मागितला, पण त्या मुलखातील माणसांना विचारा असे त्यांच्याही अर्जात नव्हते.